एक छत्री कमी

धावडदऱ्यात विमान यावं ही हौस सगळ्या गावाला होती, आणि विमानाशी जन्मात संबंध आलेला गावात एकच माणूस होता. त्याला मात्र कुणी काही विचारलं नाही. विचारून उपयोगही नव्हता म्हणा. नाथाजीची वाचा श्रावणातच गेली होती.

विट्याहून म्हसवडकडं जाताना, सांगली जिल्हा संपला म्हणेपर्यंत सातारा सुरू झालेला असतो, तिथं हे गाव आहे. पोरगं दहावी पास झालं की घरात दोनच विषय निघतात, भरती नाहीतर गलाई. भरती म्हणजे सैन्य. गलाई म्हणजे परमुलखात जाऊन सोनं वितळवून शुद्ध करून द्यायचं दुकान. त्यामुळं गावात तरणी माणसं शोधावी लागतात आणि म्हाताऱ्यांत निम्मे सुभेदार-हवालदार निघतात. शेजारच्या गावानं वेशीत जुना रणगाडा आणून ठेवला तेव्हा ह्या सगळ्या माजी सैनिकांच्या पोटात दुखायला लागलं. "त्यांनी रणगाडा आणला, आपून इमान आणायचं," असं सुभेदार उदयसिंहांनी पारावर जाहीर केलं आणि तेव्हापासून साताऱ्यापासून दिल्लीपर्यंतच्या कचेऱ्यांना सुखानं बसू दिलं नाही. हवाई दलातली ती जुनी लढाऊ विमानं निवृत्त होणार अशी बातमी आल्यावर तर त्यांना जेवण गोड लागेना.

नाथाजी गावातला एकटाच एअरफोर्सवाला. बाकी सगळे पायदळातले, रायफल खांद्यावर घेतलेले. पारावर बसले की एकेकाच्या तोंडून बर्फ, बंकर आणि तोफा बाहेर पडायच्या. नाथाजीला कुणी विचारलं, "तू काय करायचास रं तिकडं?" तर तो शांतपणे सांगायचा, "छत्र्या गोळा करायचो." झालं. एवढीच त्याची शौर्यकथा. मग उदयसिंह मांडीवर थाप मारून म्हणायचे, "आमी बॉर्डरवर जागत हुतो म्हणून ह्यो गडी निवांत छत्र्या यीचत हुता!" सगळे हसायचे. नाथाजीही हसायचा. त्याला राग येत नसे, की आलेला दिसत नसे, हे त्याच्या बायकोलाही कधी नीट कळलं नाही.

अंबूबाईला मात्र राग यायचा. हळदीकुंकवाला जमलेल्या बायका आपापल्या नवऱ्यांच्या पलटणींची नावं घ्यायच्या, त्यांच्या छातीवरच्या पदकांचं सांगायच्या. हिनं काय सांगायचं? विमानातून फौजी उड्या मारतात, त्यांच्या छत्र्या रानात इकडंतिकडं पडतात आणि आपला नवरा त्या गोळा करत हिंडतो, असं तिच्या डोक्यात बसलं होतं. शेरडांमागं हिंडावं तसलं काम. ती बायकांना सांगायची, "त्यांचं काम आपिसात आसतं." आणि विषय बदलायची.

तो सुट्टीवर यायचा तेव्हा त्याची एक खोड तिच्या डोळ्यात यायची. घरातलं दुसरं कुठलंही काम न करणारा हा माणूस दोरीवरची वाळलेली कापडं स्वतः काढायचा. एका हातानं ओढून पोटाशी घेत, दुसऱ्या हातानं सावरत, जमिनीला टोक लागू न देता. आणि मग तिला हाक मारायचा, "अंबू, टोक धर." नऊवारी लुगड्याचं एक टोक तिच्या हातात, दुसरं त्याच्या. तो म्हणायचा, आधी ताण, मग झटक, सुरकुती राहू देऊ नको. एकेक घडी घालत दोघं एकमेकांकडं सरकायची आणि शेवटी तिच्या हातातली टोकं त्याच्या हातात यायची. आजूबाजूच्या बायका तोंडाला पदर लावायच्या. तिला लाज वाटायची आणि बरंही वाटायचं. नवरा-बायकोनं चारचौघांत इतकं जवळ येण्याची त्या काळात दुसरी सोय नव्हती.

एकदा तो अचानक सुट्टीवर आला. पत्र नाही, निरोप नाही. जयराज, त्यांचा मुलगा, तेव्हा पाळण्यात होता. नाथाजीनं पोराला घेतलंसुद्धा नाही. दोन दिवस नुसता बसून होता. तिसऱ्या दिवशी दुपारी ती भाकरी थापत असताना तो चुलीपाशी येऊन बसला आणि म्हणाला, "अंबू, एक छत्री कमी आली."

तिला वाटलं, सरकारी माल हरवला आणि आता ह्याच्यावर आळ येणार. भाकरी उलटता उलटता ती म्हणाली, "मग हुडकायची न्हाई व्हय? कुठं बाभळीत अडकली आसंल." आणि हसली.

त्यानं चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाला, "व्हय. हुडकाय पायजे हुती." आणि उठून गेला. त्या दिवसानंतर त्यानं तिच्याजवळ नोकरीतलं अवाक्षर काढलं नाही. तिनं विचारलंही नाही. पोर, दोन म्हशी, सासूचं आजारपण, पाण्याची वणवण; नवऱ्याच्या छत्र्यांची विचारपूस करायला तिला सवड कुठली?

पुढं तो निवृत्त झाला. आता गावात कुणी जवान निवृत्त होऊन आला की फाट्यावर उघडी जीप सजवतात, ढोल-लेझीम लावतात, घरापर्यंत मिरवत आणतात. तेव्हा तसली रीत नव्हती. नाथाजी एसटीतून उतरला, काळी ट्रंक डोक्यावर घेतली आणि घरी चालत आला. अंबूबाई रानात होती. ती आली तेव्हा तो दोरीवरची कापडं काढत होता.

मग सगळं आयुष्य तसं सरळच गेलं. जयराज शिकला आणि गलाईच्या धंद्यात पडून कोइमतूरला गेला, तिथंच रमला. कॅनॉलचं पाणी आलं, माळावर ऊस उभा राहिला. दोघं म्हातारी झाली. आणि गेल्या श्रावणात एका सकाळी नाथाजीच्या हातातून चहाची कपबशी पडली, तोंड वाकडं झालं आणि उजवी बाजू गेली ती गेलीच. जयराज येऊन बापाला चाकाची खुर्ची देऊन गेला. वाचा परत आली नाही. घशातून नुसता आवाज यायचा. दसऱ्याच्या आधी टीव्हीवर दाखवलं, ती विमानं शेवटची उडाली आणि त्यांच्यावर पाण्याचे फवारे मारून निरोप दिला. नाथाजीच्या एकाच डोळ्यातून पाणी येत होतं. अंबूबाईनं ते पदरानं पुसलं आणि टीव्ही बंद केला.

माघात विमान आलं. लांबलचक ट्रेलरवर पोटावर निजवलेलं, पंख काढून मागच्या ट्रकमध्ये ठेवलेले. उदयसिंहांनी ठरवलं होतं, की हा निवृत्त जवान आहे, तेव्हा ह्याला जवानासारखंच मिरवत न्यायचं. फाट्यावर फलक लागला, 'सेवापूर्तीबद्दल हार्दिक स्वागत'. ढोल आले, शाळेच्या पोरी लेझीम घेऊन आल्या, म्हसवडच्या सिद्धनाथाच्या रथावर उधळावा तसा गुलाल उधळला. ओवाळायला सुवासिनी पुढं झाल्या आणि तिथंच अडलं, कारण विमानाचं कपाळ कुठलं ह्यावर एकमत होईना. कुणी म्हणे नाकाचं टोक, कुणी म्हणे काचेच्या खाली. शेवटी उदयसिंह ओरडले, "नाथाजीच्या मंडळीला बोलवा! एअरफोर्सचं घर गावात तेवढं एकच हाय." मग अंबूबाईनं टाचा उंचावून नाकाच्या टोकाला कुंकू लावलं, आरती ओवाळली. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या नवऱ्याच्या नोकरीचा कुणीतरी मान केला होता, आणि तो मान विमानाला मिळत होता. तरी तिला भरून आलं.

नाथाजीला खुर्चीत बसवून कडेला आणलं होतं. निळी जुनी टोपी त्याच्या डोक्यावर होती. ट्रेलर हळूहळू त्याच्यासमोरून गेला. त्यानं नाकाकडं पाहिलं नाही, काचेकडं पाहिलं नाही. शेपूट समोर आलं तेव्हा त्याची नजर शेपटाच्या बुडाशी असलेल्या एका गोल खोबणीवर खिळली. तिचं झाकण उघडं होतं आणि आत काही नव्हतं. मग त्यानं मान वळवली आणि विमान ज्या रस्त्यानं आलं होतं त्या रस्त्याकडं बघायला लागला. घशातून आवाज काढायला लागला. डावा हात उचलला, रस्त्याकडं नेला आणि बोटं पोटाकडं ओढली. पुन्हा नेला, पुन्हा ओढली.

"सलूट!" कुणीतरी ओरडलं. "आरं, आप्पा सलूट करत्यात!" फोन वर झाले. उदयसिंहांनी स्वतः टाचा जुळवून त्याला सलाम ठोकला. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात फोटो आला, 'लाडक्या विमानाला माजी सैनिकाची अखेरची मानवंदना'.

अंबूबाईनं फोटो पाहिला आणि बाजूला ठेवला. सलाम करणाऱ्याचा हात कपाळाला जातो एवढं तिला कळत होतं. हा माणूस काहीतरी मागत होता.

त्या दिवसापासून त्याचं तेच सुरू झालं. सकाळी डोळे उघडले की हात रस्त्याकडं, बोटं पोटाकडं. तिनं पाणी दिलं, त्यानं तोंड फिरवलं. अंगावर वाकळ ओढली, ती त्यानं ढकलली. सिद्धनाथाचा गुलाल कपाळाला लावला. जयराजला फोनवर समोर आणलं. तो बिचारा तिकडून "आप्पा, आप्पा" करत राहिला, पण आप्पांचं लक्ष दाराबाहेर. जेवण अर्ध्यावर आलं, मग घासावर. विट्याच्या डॉक्टरांनी तपासलं आणि तिला बाजूला घेऊन सांगितलं, की आता फार धावपळ करू नका, घरीच ठेवा, त्यांना आवडेल ते द्या.

आवडेल ते म्हणजे काय, तेच तर तिला कळत नव्हतं. गाडीत बसल्यावर ती शेजारच्या बनुबाईला म्हणाली, "मरायची भीती न्हाई गं. जायचंच हाय सगळ्यास्नी. पर जाताना माणूस काय मागत हुता ते कळलं न्हाई, तर मी मागं कशी ऱ्हाऊ?" बनुबाईनं तिचा हात हातात घेतला. तिचा स्वतःचा नवरा ट्रकखाली सापडून गेला होता, त्याला काही मागायला वेळच मिळाला नव्हता.

विमान शाळेच्या मैदानात, रस्त्याला लागून ठेवलं होतं. चौथऱ्याचं सिमेंट वाळेपर्यंत ते तिथंच राहणार होतं आणि हवाई दलाची चार पोरं त्याचे पंख जोडत होती. नाथाजीचा हात रोज तिकडंच जायचा, म्हणून अंबूबाई रोज सकाळी त्याची खुर्ची ढकलत तिथवर न्यायची. तो विमानाकडं पाठ करायला लावायचा आणि रस्त्याकडं बघत बसायचा. ही विमानाला न्याहाळायची. इतकी वर्षं ज्या वस्तूनं आपला नवरा आपल्यापासून लांब ठेवला, ती ही. उन्हानं रंग उडालेली, ठिगळं लावल्यासारखी दिसणारी. तिच्यावर राग धरावा असंही तिच्यात काही उरलं नव्हतं.

त्या पोरांतला पारस नावाचा एक चिकोडीकडचा होता, कानडी वळणानं तिला अज्जी म्हणायचा. एका सकाळी ती त्याला म्हणाली, "लेकरा, त्या शेपटाखालची ती डबी मोकळी का रं ठिवलीस? चिमण्या घरटं करतील की."

"जाळी बसवणार आहे, अज्जी. तिथं छत्री असतीय. टेल-च्यूट."

"उडी माराय?"

"उडी नाही ओ." पारसनं हातातला पाना पंखावर ठेवला. "हे विमान लय जोरात उतरतंय, नुसत्या चाकाच्या ब्रेकनं थांबत नाही. चाकं टेकली की पायलट बटण दाबतोय, ह्या डबीतनं मागं छत्री उघडती आणि विमानाला मागं ओढून धरती. वेग कमी झाला की पायलट ती तिथंच धावपट्टीवर सोडून पुढं जातोय. मग कडंला एक माणूस उभा असतोय, तो पळत जाऊन ती गोळा करतोय. लगेच करावी लागती, मागनं दुसरं विमान येत असतंय. नंतर ती वाळवायची, घडी घालायची आणि परत डबीत भरायची. घडी चुकली तर छत्री उघडत नाही."

अंबूबाईनं डोक्यावरचा पदर उगाच सारखा केला. "म्हंजी जेवडी इमानं गेली तेवड्या छत्र्या गोळा करायच्या?"

"हां. सगळी उतरेपर्यंत तो माणूस जागचा हलत नाही."

"आणि एकांदं इमान माघारी आलंच न्हाई तर?"

पारसनं पंखावरचा पाना पुन्हा उचलला. बाकीच्यांची ठोकाठोक चालली होती. मग तो हळूच म्हणाला, "तर एक छत्री कमी येतीय, अज्जी."

अंबूबाईनं वळून खुर्चीतल्या नाथाजीकडं पाहिलं. तो रस्त्याकडं बघत बसला होता.

चूल, तव्यावरची भाकरी, समोर बसलेला तरणा नाथाजी. एक छत्री कमी आली. म्हणजे एक पोरगं सकाळी उडून गेलं होतं आणि हा धावपट्टीच्या कडेला, सगळे निघून गेल्यावरही, त्याच्या छत्रीची वाट बघत उभा राहिला होता. ते दुःख घेऊन इतक्या लांबून तो घरी आला, ते तिच्यापुढं ठेवलं, आणि ती काय म्हणाली? बाभळीत अडकली आसंल. वर हसली. तिला स्वतःची इतकी चीड आली, की तिनं कपाळावर हात मारून घेतला. त्यानं पुन्हा कधी तोंड उघडलं नाही ह्यात नवल ते काय!

आणि आता, लकव्यानंतर डोकं जागेवर न राहिलेल्या त्या म्हाताऱ्याच्या समोर ते विमान आलं होतं. शेपटाची डबी उघडी, आत छत्री नाही. म्हणजे ते उतरलं. इतक्या वर्षांनी का होईना, माघारी आलं. मग त्याची छत्री मागं रस्त्यावर पडली असणार, आणि ती गोळा करायची राहिली आहे. दोरीवरची कापडं काढताना तो हात असाच पोटाशी ओढायचा. जन्मभर तिनं तो हात बघितला होता. तिला आधीच कळायला हवं होतं.

"लेकरा," तिनं विचारलं, "ती छत्री कसल्या रंगाची आसती?"

"आमच्याकडची पांढरटच, अज्जी. मळकी पांढरी."

पांढरं लुगडं सवाष्णीच्या पेटीत कुठून असणार? ती सरळ बनुबाईच्या दारात गेली. मागणं ऐकून बनुबाई दारातच उभी राहिली. "अंबू, यडी का खुळी तू? तुजा मालक जित्ता हाय. माजं लुगडं हातात घिऊन त्येच्याम्होरं जाणार? लोकं काय म्हणतील?"

"हिरवं टाकलं तर त्येस्नी वळखायचं न्हाई गं."

"आगं पर, आवदसा हाय ती!"

"माज्या वाट्याला यायचं ते मी घीन," अंबूबाई म्हणाली. "दे."

बनुबाईनं धुवट पांढरं लुगडं काढून दिलं, आणि देताना तोंड फिरवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग सुरू व्हायच्या आत अंबूबाईनं उदयसिंहांना गाठलं. "भावजी, शाळंपासनं फाट्यापातूर रस्ता जरा मोकळा ठिवायचा. एक ट्रॅक्टर येता कामा न्हाई."

"कशापायी, वैनी?"

"मागनं सांगते. आदी थांबवा."

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. आयुष्यभर हुकूम पाळलेला आणि दिलेला तो माणूस रस्त्याच्या मधोमध जाऊन हात आडवा करून उभा राहिला. ट्रॅक्टर थांबले, भोंगे वाजले, कुणीतरी शिवी दिली. उदयसिंहांनी एकेकाला गाणी बंद करायला लावली. रस्ता शांत झाला. अंबूबाईनं विमानाच्या शेपटाच्या रेषेत, थोडं मागं, काळ्या डांबरावर ते लुगडं पसरून टाकलं. नीट नाही, टाकून दिल्यासारखं. वाऱ्यानं त्याचा एक पदर उचलला, पुन्हा खाली ठेवला. मग ती खुर्ची घेऊन आली.

नाथाजीला ते लांबूनच दिसलं. त्याची मान ताठ झाली. घशातला आवाज थांबला. तो डाव्या हातानं खुर्चीचं चाक पुढं ढकलायला लागला, एकच चाक, त्यामुळं खुर्ची वळायला लागली. अंबूबाईनं मागून सरळ केली. जवळ आल्यावर तो वाकला, इतका की पडेल असं वाटलं. तिनं त्याला बगलेत धरलं. त्याची बोटं लुगड्याला लागली आणि त्यानं ओढायला सुरुवात केली. पोटाशी, पोटाशी, मांडीवर ढीग होईपर्यंत. टोक डांबरावर घासायला लागलं तसं त्यानं तिच्याकडं पाहिलं. तोंड हललं, शब्द आला नाही. पण आता तिला शब्दाची गरज नव्हती.

तिनं टोक धरलं. मागं गेली, ताणलं, झटकलं. त्याच्या एका हातात दुसरं टोक. एक घडी, मग दुसरी. प्रत्येक घडीला ती पुढं येत होती. शेवटी तिच्या हातातली टोकं त्याच्या हातात गेली, आणि ती त्याच्यासमोर गुडघे टेकून बसली.

"गावली बगा," ती म्हणाली. "बाभळीत न्हवती. हितंच पडली हुती." तिनं घडीवरची धूळ झटकली. "तवा मी हसले. मला कळलं न्हाई वं. मला खरंच कळलं न्हाई."

नाथाजीनं घडी छातीशी धरली. थोड्या वेळानं डावा हात वर केला, ह्या खेपेला विमानाकडं, अंगठा उभा करून. पंखावर उभा असलेल्या पारसनं तिकडून अंगठा दाखवला. लांब ट्रॅक्टरांच्या रांगेपुढं उदयसिंह अजून हात आडवा करून उभे होते. त्यांना काय चाललंय ते कळलं नव्हतं. पण त्यांनी टोपी काढून काखेत धरली होती.

त्या दुपारी नाथाजी अर्धी भाकरी दुधात कुस्करून जेवला आणि गाढ झोपला. हात पुन्हा रस्त्याकडं गेला नाही. पुढच्या आठवड्यात, अंबूबाई त्याचं तोंड पुसत असताना, तो गेला. ती घडी उशाला होती.

गाव म्हणालंच, जित्त्या नवऱ्याम्होरं पांढरं लुगडं पसरलं, मग दुसरं काय व्हणार? बनुबाईनं ते लुगडं परत घेतलं नाही. अंबूबाई द्यायला गेली तेव्हा ती रडत म्हणाली, "आता तुलाच लागंल गं." अंबूबाई ते घेऊन माघारी आली. जयराज कोइमतूरहून आला, कार्य उरकलं, आईला चल म्हणाला. ती गेली नाही.

विमान आता चौथऱ्यावर चढलं आहे, नाक आभाळाकडं करून. नवा रंग लागलाय, शेपटाच्या डबीला जाळी बसलीय, भोवती लोखंडी कठडा आहे. येणारे-जाणारे गाड्या थांबवून फोटो काढतात. आणि त्या कठड्यावर, शेपटाच्या बाजूला, दुपारचं एक पांढरं लुगडं वाळत असतं. त्याबद्दल माजी सैनिक संघटनेकडं तक्रार गेली. गावाच्या शानीला बट्टा लागतो म्हणे.

उदयसिंह समज द्यायला संध्याकाळी तिथं गेले. अंबूबाईनं लुगड्याचं एक टोक कठड्याला बांधलं होतं आणि दुसरं धरून ती लांब उभी होती. ते पुढं झाले, कठड्याची गाठ सोडली आणि ते टोक स्वतःच्या हातात घेतलं. दोन्ही हातांनी, घट्ट, दोरीखेच असावी तसं. अंबूबाईनं ताणलं, झटकलं, एक घडी घालून चार पावलं पुढं आली. आणि थांबली. समोर टोक धरून उभा असलेला माणूस चांगला होता, त्याचे डोळेही भरले होते. पण पुढच्या घडीला त्याच्यापाशी जावं लागणार होतं.

"ऱ्हाऊ द्या, भावजी," ती म्हणाली. "तुमी जावा घरी."

त्यांच्या हातातून टोक घेऊन तिनं ते पुन्हा कठड्याला बांधलं. मग मागं गेली, ताणलं, सुरकुती झटकली आणि एकटीच घडी घालत विमानाकडं चालायला लागली.